डोक्यावरची पावलं

वृषभला जेवायची रीत उरली नव्हती. ताटात बघायचं सोडून तो वर बघायचा.

बाकी काहीही सीताबाईंनी खपवून घेतलं असतं. आमटीला नाव ठेवलं असतं, भाकरीची कड काढून बाजूला ठेवली असती, तरी एकदा फटकारून त्यांनी सोडून दिलं असतं. पोरीचं पोर, त्यातनं कागलच्या घरात एकुलतं एक म्हणून वाढलेलं. पण अन्न पुढ्यात आणि नजर छताला, ही कुठली तऱ्हा? त्यांच्या घरात दिवस मावळायच्या आत पानं वाढली जात आणि पहिल्या घासापासून चूळ भरेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढत नसे. सासऱ्यांच्या वेळेपासूनचं हे मौन. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा सीताबाईंना ते गळ्याला फास लावल्यासारखं वाटलेलं. आता सगळं घर आपल्या धाकात आहे याची खात्री त्यांना दिवसातून त्याच एका घटकेला पटायची. बाहेर राजारामपुरीच्या गल्लीत रिक्षा कोकलत, समोरच्या क्लासची पोरं गाड्यांवर बसून दंगा करत, आणि आत फक्त भाकरी मोडल्याचा आवाज.

हल्ली त्यात भर पडली होती ती वरच्या पावलांची.

वरच्या फ्लॅटात वृषभची बायको भाग्यश्री एकटी चालायची. बांधकामाच्या वेळी ठेकेदारानं स्लॅबमधलं सिमेंट खाल्लं, असं सीताबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ते खरं असो नसो, वरच्या माणसानं पेला ठेवला तरी खाली कळायचं. ती स्वयंपाकघरातून निघाली की वृषभची मान हळूच वळायची. ती मोरीकडं गेली की मान मोरीकडं. ती थांबली की मान थांबे, पण जबडा थांबत नसे. घास संथ चावत राही. पहिल्या दिवशी सीताबाईंना वाटलं, छतावर पाल असेल. त्यांनी वर बघितलं. पाल नव्हती.

पोराला कोर्टानं वरच्या घरातून बाहेर काढलं त्याला पंधरवडा होत आला होता. भाग्यश्रीचं मनगट मोडलं, ती दवाखान्यातून घरी न येता थेट बायकांच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं गेली, आणि घरातल्यांना उलगडा व्हायच्या आत हुकूम आला: वृषभनं ते घर सोडायचं, भाग्यश्रीनं तिथंच राहायचं. त्या दिवशी बॅग घेऊन जिन्यात उभ्या असलेल्या नातवाला सीताबाईंनीच हाताला धरून खाली आणलं.

"कोर्टानं वरचं घर सांगितलंय, खालचं न्हाय," त्या म्हणाल्या होत्या. "माझ्या लेकीचं पोर लॉजवर ऱ्हायलंय म्हटल्यावर लोकं माझ्या तोंडात शेण घालतील."

पुढल्या खोलीत खाट टाकली गेली. बरोबर भाग्यश्रीच्या बसायच्या खोलीखाली.

आज पंगतीला राजमतीही होती. लेक कागलहून सकाळच्या गाडीनं आली होती ती काहीतरी ठरवूनच, हे तिच्या घट्ट मिटलेल्या ओठांवरून दिसत होतं. मौन होतं म्हणून ते ओठ मिटलेले. सीताबाईंचा मुलगा आदगोंडा खाली मान घालून भराभर जेवत होता. सून त्रिशला वाढताना वृषभच्या पाठीमागून न जाता सगळ्या पंगतीला वळसा घालून जात होती. सीताबाईंनी ते बघितलं आणि मनात ठेवलं. त्यांचं मन आज थाऱ्यावर नव्हतं. दुपारी ती संरक्षण अधिकारी बाई येऊन गेली होती.

सदफ मुल्ला तिचं नाव. दारात चप्पल काढून, पदर सावरून नीट बसली, तेवढं सीताबाईंना आवडलं.

"चहा घेता का पावणं? आमच्यातला बिनकांदालसणाचा असतोय," त्यांनी टोमणा मारून बघितला.

"आज्जी, चहात कांदा आमच्यातबी घालत न्हाईत," मुल्लाबाई म्हणाल्या आणि कप घेतला.

मग त्यांनी हुकूम समजावून सांगितला. वृषभनं किंवा त्याच्या कुणा नातेवाइकानं भाग्यश्रीच्या घरात पाय ठेवायचा नाही.

"नातेवाईक म्हंजे कोण?"

"आई. मामा, मामी." बाई जरा थांबल्या. "आज्जीबी."

"घर कुणाचं हाय वो बाई?"

"तुमचंच."

"आन् मी जायाचं न्हाय?"

"भाडेकरूच्या घरात मालकानंबी बोलावल्याबिगर जायाचं नसतंय की आज्जी. तेवढंच समजा."

सीताबाईंचा कप बशीत वाजला. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण ही इमारत त्यांनी नवऱ्यामागं उभी केली होती आणि भाड्याच्या बाबतीत त्या नातंगोतं ओळखत नसत. नातू झाला म्हणून काय, त्याच्याकडूनही दर अकरा महिन्यांनी करार, मशीनवर अंगठा, सगळं रीतसर. तो करार या महिनाअखेरीला संपत होता. मुल्लाबाई त्याचसाठी आल्या होत्या.

"वृषभनं 'मी घर सोडतो' म्हणून चालणार न्हाय," त्या म्हणाल्या. "कोर्टाला विचारल्याबिगर तेंना तो हक्क सोडता येत न्हाय. भाडंबी तेंनीच भरायचं. पण करार संपला आनि मालक म्हणून तुमीच नगं म्हणालासा, तर त्या पोरीला परत नव्यानं भांडायला लागणार. तुमी तिच्या नावानं करार केलासा, तर तिला कुणाच्या नावाखाली ऱ्हायची गरज पडणार न्हाय."

"तसं कराच, असं कोर्टानं म्हटलंय?"

"न्हाय. तुमच्यावर सक्ती न्हाय. म्हणून तर विचाराय आले."

निघताना त्यांनी पुढल्या खोलीतल्या खाटेकडं बघितलं, मग छताकडं. "ते इथं निजतात? आज्जी, तिच्याशी कसलाबी संपर्क करायचा न्हाय, हेबी हुकुमात हाय. फोन, चिठ्ठी, माणूस धाडणं, कायच न्हाय."

"माझ्या डोळ्यादेखत असतंय पोरगं. फोनला हातसुदीक लावत न्हाय," सीताबाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

जेवणं आटोपून चूळ भरून झाली आणि राजमतीचे ओठ सुटले. आईला ती आक्का म्हणायची.

"आक्का, तू येवढंच म्हण, मला माझं घर पायजे. बास. करार संपला, घर तुझं. कोर्ट काय तुला फाशी देतंय?"

"क्लासवाला कधीपासनं मागालाय वरचा फ्लॅट," आदगोंडानं री ओढली. "पोरास्नी बसाय जागा कमी पडालीया म्हणतोय."

"आन् भाग्यश्री?" त्रिशला स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"तिला नेसरीला माहेर न्हाय व्हय?" राजमती म्हणाली. "बाप हाय, भाऊ हाय."

"त्याच बापानं दोनदा हितं परत आणून सोडलीया तिला, वन्सं. मीच चहा केलता तेंना."

"वैनी, तुमी मधी पडू नगा."

"मधी कुठं पडतोय? पडायला जागा ठेवलीया कुणी? वर ती, खाली ह्यो."

"मामी बरोबर बोलतात, आई," वृषभ म्हणाला. तो उठून खाटेच्या कडेला बसला होता, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या नीट दुमडत. बँकेत नोकरी लागल्यापासून त्याची भाषा बदलली होती, आणि आवाज असा मऊ, की ऐकणाऱ्यानं पुढं वाकावं. "भाग्यश्रीची सोय झालीच पाहिजे. मला तिचं वाईट व्हायला नको आहे. आज्जींना जे योग्य वाटेल ते."

सीताबाईंनी पाय पसरले. त्यांना यातलं एकच खुपत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"नातसून कोर्टात गेली. जाऊ दे. पण जायच्या आधी माझ्याकडं यायची की न्हाई? मी काय मेलोतो? परस्पर कागद आणला, आनि माझ्याच घराच्या दारात मला बंदी. राजमती, तुझं म्हणणं मला पटालंय. ज्या घरात मला पाय ठेवता येत न्हाय, ते घर मी कुणाला देऊ कशाला?"

राजमतीनं सुटकेचा श्वास टाकला. त्रिशलानं दाराची चौकट धरली.

एरवी या वेळेला सीताबाई बस्तीत, जैन मंदिरात, आरतीला गेलेल्या असत. जेवण झालं की काठी घेऊन निघायच्या, त्या आरती करून, बायकांशी बोलून, दिवेलागण सरल्यावर परतायच्या. आज लेक आली म्हणून राहिल्या. खोलीत उजेड उतरत चालला होता. दिवा लावायला कुणी उठलं नव्हतं.

वर पावलं निघाली.

"आता ती दाराची कडी बघेल," वृषभ म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

पावलं दाराकडं गेली. कडीचा बारीक आवाज आला.

"अर्ध्यावर येऊन परत जाईल."

पावलं आली, थबकली, वळली. पुन्हा कडी वाजली.

"अगं बाई! सगळं पाठ हाय की रं तुला," राजमती हसली.

वृषभ उठला. दारामागं जळमटं काढायची लांब काठी उभी असायची, ती त्यानं घेतली. टोकाला फडकं गुंडाळलेलं होतं, वर दोरीनं आवळून. सीताबाईंच्या घरात जळमटाच्या काठीला कुणी असं फडकं बांधत नसे. खोलीच्या मधोमध उभं राहून त्यानं काठी उचलली आणि छताला तीनदा लावली. पाहुण्याच्या घरी दार वाजवावं इतक्या अदबीनं.

वरची पावलं जागच्या जागी थांबली. मग हलली. एकेक करून, नको नको म्हणत यावं तशी आली, आणि बरोबर काठीच्या टोकावर येऊन उभी राहिली.

वृषभ खिडकीच्या कोपऱ्यात गेला. तिथं तीनदा. पावलं कोपऱ्यात आली.

"बोलावलं की येते," तो म्हणाला. "अजून ऐकते माझं."

राजमतीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "बघितलंस आक्का? जीव तुटालाय गं दोघांचा. कोर्टानं उगंच मोडता घातलाय. तू घर मोकळं कर, चार दिवसांत आपणहून येतीय बघ ह्येच्याकडं."

आदगोंडा मोबाईल उलटासुलटा करत बसला. चुन्याची भुकटी वृषभच्या केसांवर पडली होती, ती त्यानं झटकली नाही. त्या भुकटीच्या मागानं सीताबाईंची नजर वर गेली आणि पहिल्यांदा त्यांना छत दिसलं. मावळतीच्या उजेडात पांढऱ्या रंगावर काळसर ठिपके उमटले होते. एक नाही, दोन नाही. खिडकीपासून मधोमध, मधून मोरीच्या भिंतीकडं, तिथून दाराकडं, ओळीनं. कुणीतरी उलटं, छताला पाय लावून या खोलीभर फिरून गेलं होतं जणू.

सीताबाईंच्या हातावर काटा आला. पदराखाली त्यांनी तो झाकला.

"आत्ती," त्रिशला हळू म्हणाली, "तुमी बस्तीत गेल्यावर रोज ह्येच चालतंय. म्हणून दिवेलागणीला मी हिकडं येत न्हाय."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? नातू छताला काठी लावालाय म्हणून? तुमीच म्हणाला असता, पोरगं जळमटं काढालंय, तुझ्या का डोळ्यांत खुपालंय."

म्हणाल्या असत्या. सीताबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"आज्जी, मी धरू?" वृषभ लगेच पुढं झाला.

"मला जिना नवा न्हाय. बस तितंच."

"आक्का, वर चाललीस? बंदी हाय की!" राजमती म्हणाली.

"घरात जायला हाय. दारात उभं ऱ्हायला न्हाय."

जिन्यात अंधारून आलं होतं. भिंतीला हात लावत सीताबाई चढल्या. स्वतःच बांधून घेतलेल्या पायऱ्या, पण आज पाय जपून पडत होता. जिन्याच्या वरच्या टोकाला पोचून त्यांनी दम घेतला. बंद दारासमोर, उंबऱ्यापासून हातभर लांब उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाग्यश्री, मी आज्जी. दार उघडू नगंस."

"बरं," दाराच्या अगदी पलीकडून आवाज आला. इतका जवळून, की सीताबाई दचकल्या. पोरगी लाकडाला कान लावून उभी होती.

"जेवलीस?"

"जेवले."

"तो काठी लावतोय तितं तू जातीस?"

"जाते."

"का गं? अजून ओढ हाय तेची?"

"आज्जी, काठी वाजते तेव्हा मला कळतं, तो खाली आहे." भाग्यश्री हळू आवाजात बोलत होती, घाई न करता; कुणीतरी विचारेल म्हणून वाक्यं लावून ठेवली असावीत. "मी त्यावर जाऊन उभी राहिले की पायाला लागतं ते. तेवढा वेळ तो जिन्यात नाही. दारात नाही. नाही गेले तर तो वाजवायचा थांबतो, आणि मग मला काहीच कळत नाही. तेव्हा मला जास्त भीती वाटते. म्हणून जाते."

सीताबाईंनी भिंतीचा आधार घेतला. मग जे मनात होतं ते विचारून टाकलं, कारण न विचारता राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"इतकं भ्यातीस, तर सोडून का जात न्हाईस? तुला शिक्षण हाय, नोकरी हाय."

"कुठं जाऊ? जिथं जाईन तिथं तो खाली येऊन राहील. आणि मारलं त्यानं आज्जी. घर मी का सोडायचं?"

कुणी सीताबाईंना तसं सांगितलं असतं, की नवऱ्यानं मारलं म्हणून तू तुझी इमारत सोड, तर त्यांनी त्या माणसाला जिन्यावरनं ढकलला असता. त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तळपायाला काहीतरी लागलं.

खालून. तीनदा. कुणीतरी जमिनीच्या आतून बोट लावून बघावं तसं.

"थांबा आज्जी. जाऊन येते," भाग्यश्री म्हणाली, चुलीवरचं दूध बघून येते म्हणावं तशी. पावलं दारापासून लांब गेली.

पुन्हा तीनदा. खाली बसून ऐकताना तो ठोका वर गेला होता. इथं तो हाडातून चढत होता. सीताबाईंना वाटलं, चप्पल घालून यायला हवं होतं. पुन्हा तीनदा. जरा घाईनं, वेडंवाकडं. मघाची ती अदब त्यात नव्हती.

आपल्यामागं कुणीतरी श्वास घेत आहे, हे त्यांना त्याच वेळी जाणवलं.

त्या वळल्या. दोन पायऱ्या खाली वृषभ उभा होता. अनवाणी. हात रिकामे, बाजूला सोडलेले. पांढरा शर्ट अंधारात तेवढा दिसत होता, आणि त्यावर तोंड.

आणि खाली काठी वाजतच होती.

सीताबाई म्हणजे आयुष्यात भुताखेतावर विश्वास न ठेवलेली बाई. पण पोरगं समोर आहे आणि त्याची काठी खाली वाजते आहे, हे डोळे आणि पाय एकाच वेळी सांगत होते, तेव्हा त्यांच्या जिभेवर णमोकार मंत्र आला.

"आईकडं दिलीय काठी," वृषभ कुजबुजला. तो हसत होता, लहानपणी काही लपवून ठेवलं की हसायचा तसा. "तिला म्हटलं, तू बोलाव, सासूच्या हाकेला येईल. बिचारी खूश झाली."

वर, बंद दारामागं, पावलं त्या ठोक्यावर जाऊन उभी राहिली होती. तो खाली आहे अशी खात्री करून घेत.

"उतर खाली," सीताबाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता का, त्यांना कळेना.

"मी कुठं घरात जातोय? जिना सगळ्यांचा असतो आज्जी. ऑर्डर मी वाचलीय, शब्द न् शब्द." तो एक पायरी वर आला. "तुम्ही फक्त हाक मारा. म्हणा, पाणी दे, चक्कर आली. तुमच्यासाठी ती उघडेल. मला दोनच शब्द बोलायचेत तिच्याशी. तुम्हीच म्हणालात ना मघाशी, घर तुमचं आहे."

त्यांच्या मागं दार होतं आणि पुढं जिना. तो काही करत नव्हता. हात वर नव्हता, आवाज वर नव्हता. फक्त वाट बघत होता, मान किंचित तिरकी करून. आणि सीताबाईंना कळलं, की हा जेवताना असाच बसतो. याच पोराला त्यांनी मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं होतं, टाळू भरली होती. आता या जिन्यावर त्या आणि तो दोघंच होते, त्यांच्या हाताखाली कठडा होता, आणि तो कठडा त्यांनी गच्च धरला. पडायला नको म्हणून नाही. हा ढकलील म्हणून.

"हाक मारा ना आज्जी."

"मारतो," सीताबाई म्हणाल्या. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि गल्लीच्या टोकाला भाजीवाला थांबवायचा आवाज काढला.

"भाग्यश्री! वरची कडी घाल, खालची घाल, समदं लाव! खाली वाजालंय ते ह्यो न्हवं! ह्यो हितं हाय, माझ्याम्होरं, जिन्यावर! मी मेलो तरी दार उघडायचं न्हाय!"

आत पावलं धावली. एक कडी पडली, दुसरी पडली, मग काहीतरी जड फरपटत येऊन दाराला टेकलं. खालची काठी थांबली. भक्कन दिवा लागला. त्रिशला जिन्याच्या तळाशी बटणावर हात ठेवून उभी होती. तिच्यामागं आदगोंडा. आणि त्याच्यामागं राजमती, हातात ती फडकं बांधलेली काठी, चेहऱ्यावर अजून सुनेला बोलावल्याचं हसू, पुसायचं राहून गेलेलं.

"काय झालं आक्का? काय केलं तेनं? नुसता उभा तर हाय लेकरू!"

"तेच तर केलं," सीताबाई म्हणाल्या. "ती काठी खाली टाक राजमती. तुला कशाला दिलती ती, इचार तुझ्या लेकराला. न्हाईतर नगं इचारू. मी सांगतो. ती पोरगी खालच्या ठोक्यावर येऊन उभी ऱ्हायली की हा जिन्यात आला. बायको फसावी म्हणून आईला लावलं वाजवाय."

राजमतीनं काठी टाकली नाही. तिनं ती छातीशी धरली. "माझं पोर तसलं न्हाय. तू आज तेला हाकललंस, तर मलाबी माहेर तुटलं असं समज."

आदगोंडानं बहिणीकडं बघितलं, मग आईकडं. नेहमीप्रमाणं मधलं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्रिशलानं त्याच्या दंडावर हात ठेवला, आणि ते मिटलं. इतक्या वर्षांत सुनेनं सगळ्यांदेखत नवऱ्याला हात लावून थांबवल्याचं सीताबाईंनी बघितलं नव्हतं. त्यांनी लेकीकडं बघितलं. पहिली पोर. जिन्याखाली उभी राहिलेली ती एकदम म्हातारी दिसली.

"तुटलं तर तुटलं," त्या म्हणाल्या. "दार मी लावणार न्हाय तुला. पण तुला यायचं असलं तर एकटीनं यायचं."

मग मुलाकडं वळून म्हणाल्या, "आदगोंडा, खाट काढ. त्रिशला, तुझ्या फोनवरनं त्या मुल्लाबाईला लाव. सांग, काठी काय हाय, छत काय हाय, समदं येऊन बघा. आनि सांग, करार भाग्यश्रीच्या नावानं हुणार, माझा अंगठा तयार हाय."

"आज्जी," वृषभ म्हणाला. हसू अजून जागेवर होतं, फक्त कडा हलत होत्या. "तुम्ही चिडला आहात. मी कुणाला बोटसुद्धा लावलेलं नाही. कोर्टात काय सांगणार तुम्ही?"

सीताबाईंनी कठडा सोडला. दाराला पाठ लावून, उंबऱ्याच्या अलीकडं, त्या ताठ उभ्या राहिल्या.

"ह्येच सांगणार, तू बोट लावलं न्हाईस म्हणून. माझं मालक गेलं, मागं चार भाऊबंद ह्या जाग्यावर टपून बसलेतं, तवा सीताबाई कुणाला भ्याली न्हाय. आज भ्यालो. माझ्याच जिन्यावर, मी न्हाऊ घातलेल्या पोराला भ्यालो. जजसायबासमोर उभं ऱ्हाऊन ह्या तोंडानं सांगणार, की त्या पोरीचं खरं हाय, कारण म्हातारीनं सोताच्या नातवाचं भ्या खाल्लंय. वृषभ, आज्जी ज्याला भ्याती त्या नातवाला ह्या इमारतीत वर जागा न्हाय, खाली न्हाय आनि जिन्यातबी न्हाय. उतर."